कानावर आलेला इतिहास

(वर्षावासातील व्याख्यान)



दौंडहून रेल्वेने आणि शिरूरहून एस.टी.ने पुण्याला शिकायला जाणारी आपली मुले कानात इअरफोन घालून बसतात. सगळीच काही गाणी ऐकत नाहीत. कित्येकजण इतिहासावरचे, समाजशास्त्रावरचे पॉडकास्ट ऐकतात. वडीलधाऱ्यांसाठी सांगायचे तर, हवा तेव्हा लावता येणारे रेडिओवरचे भाषणच ते. आम्हाला याचा आनंद वाटतो. ज्यांना अक्षर नाकारले गेले, त्यांनी आपला इतिहास कानांनीच जपला. जलशांनी आणि जात्यावरच्या ओव्यांनी बाबासाहेब घरोघर पोचवले. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव जमवलेल्या लाखावर ओव्यांत बाबासाहेबांवरच्याही आहेत. त्यांतल्या अनेक ओव्या २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर बायांच्या स्वतःच्या आवाजात ऐकायला मिळतात.

पण मध्यंतरी काही विद्यार्थ्यांनी आम्हाला विचारले, "कोरेगावला पाचशेंनी अठ्ठावीस हजारांना हरवले असे आपण भाषणांत ऐकतो. पॉडकास्टमध्ये आकडे वेगळे येतात. खरे कोणते?" असे विचारणाऱ्या पोरांवर डोळे वटारणे आम्हाला पटत नाही. प्रश्न रास्त आहे.

कॅप्टन स्टाँटनची तुकडी ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री निघाली ती आपल्या शिरूरच्या छावणीतून. पायदळ पाचशेच्या आसपास. त्याशिवाय अडीचशेवर घोडेस्वार आणि मद्रासचे गोलंदाज होते. पेशव्यांची एकूण फौज अठ्ठावीस हजारांची सांगतात, पण गावावर प्रत्यक्ष चालून आले ते सुमारे दोन हजार. जयस्तंभावर मृतांची ४९ नावे आहेत. त्यांतली २२ 'नाक' लागलेली, म्हणजे महारांची. बाकीची इतर जातिधर्मांची.

यात आपला कमीपणा कोणता? ज्याला पेशवाईत माणूस म्हणून उभे राहू दिले नाही, तो दिवसभर अन्नपाण्यावाचून बंदूक घेऊन उभा राहिला. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तिथे आले, ते या माणसांसाठी. फुगवलेला आकडा विरोधकाच्या हाती आयते हत्यार देतो. १ जानेवारी २०१८ ला याच रस्त्यावर दगडफेक आणि जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. त्या दिवसांत मोबाईलवर कोणकोणत्या अफवा फिरत होत्या, ते इथे बसलेल्यांना सांगायला नको.

तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना ज्या गोष्टींवर विसंबू नका म्हणून सांगितले, त्यांत पहिलीच ऐकीव गोष्ट आहे. पॉडकास्टही ऐकीवच, आणि आमचे हे भाषणही. तेव्हा बोलणारा कोण, हे त्याने कुठून घेतले, हे विचारत जा. शिरूरची एस.टी. पेरण्याच्या जयस्तंभावरूनच जाते. एकदा उतरा. लेख इंग्रजीत आहे तसा मराठीतही आहे. नावे स्वतः मोजा.

आणि नुसते ऐकत बसू नका. दौंडच्या रेल्वेत कामाला लागलेली, १९५६ नंतर गावकीची कामे सोडलेली आपली वडील माणसे झपाट्याने कमी होत आहेत. त्यांचे बोलणे कुठल्याच पॉडकास्टमध्ये नाही. येत्या रविवारपासून विहारात मुलांनी दोन मोबाईल आणि एक वही घेऊन बसायचे ठरले आहे. सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख वहीत लिहिल्याशिवाय मोबाईल सुरू करायचा नाही. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत, त्यांनी आज जाताना नावे नोंदवावीत.

जयभीम.