निसण्याची पारख



वस्तऱ्याची धार पाहणारे पुष्कळ. निसणा पाहणारे थोडे. बेल्जियममधील आर्देन टेकड्यांत 'कोटिक्यूल' नावाचा पिवळसर दगड सापडतो. त्यातील गार्नेटचे अतिसूक्ष्म स्फटिक पोलाद झिजवितात. त्याच दगडाच्या लहान तुकड्याने ओल्या पृष्ठभागावर घासले असता दुधासारखा लगदा निघतो. त्यावर धार लवकर चढते. मग लगदा धुऊन टाकून निव्वळ पाण्यावर हलक्या हाताने वस्तरा फिरवावा, म्हणजे धार मऊ होते. दगड घेताना चीर अथवा कच नाही ना, हे नख फिरवून पाहावे. रंगावर भुलू नये.

वस्तऱ्याची पाठ व धार दोन्ही दगडास टेकली पाहिजेत, म्हणून दगड सपाट हवा. येथेच आम्ही चुकलो. वडिलांच्या धोकटीतील निसणा मध्ये खोलगट झिजला होता. त्यांच्या हाताची ती खूण म्हणून आम्ही तो घासू दिला नाही. (शिक्षकाचा हट्ट तो!) थोरले बंधू त्यावरच वस्तरा लावीत, आणि गिऱ्हाइके कुरकुरत दुसऱ्या दुकानी जात. अखेर एका दुपारी त्यांनी आम्हांस न विचारता तो फरशीवर वाळू टाकून सपाट केला. आम्ही आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी त्यांनी आमचीच दाढी केली. वस्तरा गालावरून फिरल्याचे आम्हांस कळलेही नाही.