तिखट केक आणि शेजारधर्म



चिटणीसबाईंनी "दोन शब्द बोला" म्हणून गळ घातली, तेव्हा मला घामच फुटला. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंत. पण त्या म्हणाल्या, "केक वाटता ना, त्याबद्दलच सांगा." म्हणून उभी राहिले आहे.

माझा केक चॉकलेटचा, पण तिखट. पहिल्यांदा केला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "गोडात मिरची? आमटी उरली होती का?" मग मुलीने पुस्तकातून वाचून दाखविले, की कोको व मिरची दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या. मेक्सिकोतले जुने लोक कोको मिरची घालून पीत असत. आपल्याकडे मिरची आली ती सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांबरोबर. म्हणजे या दोघी जुन्या शेजारणीच! तेव्हा सासूबाईंनी दुसरा तुकडा मागितला.

शेजारणींचेच सांगायचे आहे. खालच्या मजल्यावरील काकूंचा व माझा दोन वर्षे अबोला होता. माझ्या ओल्या गोधडीचे पाणी त्यांच्या पापडांवर ठिबकले. चूक माझी होती, पण तोंडातून शब्द निघाला नाही. गेल्या दिवाळीत मुलीबरोबर केकची बशी पाठविली. ती तशीच परत आली. मला फार लागले. दोन दिवसांनी ध्यानात आले, की काकू अंडे खात नाहीत आणि माझ्या केकात दोन अंडी होती! देणाऱ्याने आधी घेणाऱ्याचे ताट पाहावे, एवढेही मला सुचले नव्हते.

मग बिनअंड्याचा केला. दीड कप मैदा, एक कप साखर, पाव कप कोको, एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा, तेवढीच दालचिनीची पूड, अर्धा चमचा लाल मिरचीची पूड व चिमूटभर मीठ एकत्र चाळावे. त्यात एक कप पाणी, पाव कपाहून थोडे जास्त तेल व एक मोठा चमचा लिंबाचा रस घालून ढवळावे. लिंबू व सोडा भेटले की पीठ फुगू लागते, म्हणून लगेच तूप लावलेल्या डब्यात ओतावे. कुकरची शिटी व रबर काढून, तळाशी मीठ पसरून तो दहा मिनिटे तापवावा. डबा आत जाळीवर ठेवून मंद आचेवर पाऊण तास भाजावे. सुरी खुपसून पाहावी. कोरी निघाली की झाला.

या खेपेस बशी मी स्वतः नेली. म्हटले, "काकू, यात अंडे नाही. आणि पापडांचे माझे चुकलेच." काकूंनी बशी घेतली, बोलल्या मात्र नाहीत.

रिकामे भांडे परत करू नये, ही आपली रीत. दुसऱ्या दिवशी बशीत सुंठेची पुडी आली. "मिरचीने माझा घसा धरतो. ही घालून बघ," काकू दारातून म्हणाल्या. दोन वर्षांनी ऐकलेला तो आवाज!

आता काकूंसाठी सुंठ, वरच्या वहिनींसाठी मिरी व वेलची, बिऱ्हाडातल्या मुलांसाठी नुसती दालचिनी, आणि सासूबाईंना मात्र भरपूर मिरची. माप एकच, चव ज्याची त्याची.

भगिनींनो, कुणाशी अबोला असेल तर बशी स्वतः घेऊन जा. चुकले असेल तर तेही बशीबरोबरच सांगून टाका.