उपकरणांचे प्रशासन : अंकुश आणि विश्वास

(गढा, जबलपूर येथे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



आपण ज्या गढ्यात जमलो आहोत, ते सोळाव्या शतकात गोंड राज्याचे केंद्र होते. राजा संग्रामशाहाचे नाव बावन्न गढांशी जोडले जाते. विखुरलेल्या ठाण्यांवर अंकुश किती ठेवावा आणि स्थानिक कारभाऱ्यास मोकळीक किती द्यावी, हा प्रशासनाचा जुना प्रश्न आहे. आज तो कर्मचाऱ्यांच्या हातातील मोबाईलबाबतही उभा राहिला आहे.

उपकरण व्यवस्थापन प्रणाली एका मध्यवर्ती ठिकाणाहून असंख्य फोन, टॅब्लेट व संगणकांची देखरेख करते. प्रथम प्रत्येक उपकरणाची नोंदणी होते. मग कामानुसार गट पाडून कोणती अ‍ॅप चालतील, पासवर्ड कसा असेल, याचे नियम लागू केले जातात. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आधी मोजक्या उपकरणांवर तपासून नंतर सर्वत्र पाठवणे इष्ट. फोन हरवल्यास तो दुरूनच कुलूपबंद करता येतो किंवा त्यातील माहिती पुसता येते. एवढे अधिकार एकाच व्यक्तीच्या हाती नसावेत आणि त्यांच्या प्रत्येक वापराची नोंद राहावी.

याचे बोलके उदाहरण म्हणजे ८ मार्च २०१८ रोजी सुरू झालेले पोषण अभियान. त्यात अंगणवाडी सेविकांना अशा प्रणालीसह स्मार्टफोन देण्याची योजना होती. २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे अ‍ॅप आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील सेविकांनी हे फोन शासनाला परत करण्याचे आंदोलन केले. फोनची क्षमता अपुरी आहे, दुरुस्तीचा खर्च आपल्या माथी येतो आणि अ‍ॅपमध्ये इंग्रजीत माहिती भरावी लागते, या त्यांच्या तक्रारी होत्या.

यातून बोध काय घ्यावा? मध्यवर्ती प्रणालीला फोन बंद करता येतो. त्याची स्मरणक्षमता मात्र वाढवता येत नाही, की सेविकेची भाषा बदलता येत नाही. म्हणून उपकरणाची निवड, दुरुस्तीची तरतूद, स्थानिक भाषा आणि प्रशिक्षण यांचा विचार नियमावलीच्या आधी व्हावा.

कर्मचाऱ्याचा स्वतःचा फोन कामासाठी वापरला जात असेल, तर कार्यालयीन माहितीचा कप्पा वेगळा असावा आणि नियंत्रण तेवढ्यापुरतेच राहावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये गोपनीयतेला मूलभूत अधिकार मानले आहे, हेही विसरू नये.

उद्या आपल्यापैकी काही जण अशा योजना राबवतील. पडद्यावर हजारो उपकरणे दिसतील. त्या प्रत्येकामागे काम करणारा एक माणूस आहे, याचे भान ठेवूनच आदेश द्यावा.