नमुना वेळेवर पोचला पाहिजे
(स्वागताध्यक्षीय भाषण)



 महाराष्ट्राला नारायणगाव टोमॅटोच्या बाजारासाठी आणि विठाबाईंच्या तमाशासाठी ठाऊक आहे. डिजिटल सिग्नल प्रोसेसरच्या, म्हणजे डीएसपीच्या, हार्डवेअरवरची परिषद पुणे-मुंबई सोडून इथे कशाला, असं तयारीच्या काळात अनेकांनी विचारलं. उत्तर सोपं आहे. या गावाच्या आसपासच अशा दोन जागा आहेत, जिथे आपल्या विषयाची कसोटी लागली: आर्वी आणि खोडद.

आधी आर्वीबद्दल. डॉ. विक्रम साराभाईंचं नाव दिलेलं उपग्रह-दळणवळणाचं भूकेंद्र १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे उभं राहिलं. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. आवाज तिथवर जाऊन खाली यायला जवळजवळ पाव सेकंद लागतो. पलीकडच्या एक्स्चेंजमध्ये चार तारांची लाइन दोन तारांना जोडताना आवाजाचा थोडा भाग उलटा फिरतो, आणि बोलणाऱ्याला स्वतःचंच बोलणं अर्ध्या सेकंदाने ऐकू येतं. असा प्रतिध्वनी कानात वाजत असताना सलग दोन वाक्यं बोलून पाहा, जीभ अडखळतेच. जुना उपाय म्हणजे एक जण बोलत असताना दुसऱ्याची वाट बंद करायची. त्याने प्रतिध्वनी जायचा, पण संवादही तुटायचा. बेल लॅब्जमधले मनमोहन सोंधी यांनी १९६७ मध्ये वेगळी वाट मांडली. प्रतिध्वनी कसा तयार होतो हे यंत्रानेच चालू बोलण्यातून शिकावं, त्याची प्रतिकृती करावी आणि येणाऱ्या संकेतातून ती वजा करावी. आपण ज्याला ॲडॅप्टिव्ह फिल्टर म्हणतो, त्याचं माझ्या मते हे सर्वांत देखणं उदाहरण आहे.

आता यात हार्डवेअरला काय करावं लागतं ते पाहा. टेलिफोनचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतात, म्हणजे दर नमुन्याला १२५ मायक्रोसेकंद मिळतात. ३२ मिलिसेकंदांचा प्रतिध्वनी पकडायचा तर फिल्टरला २५६ टॅप लागतात. प्रत्येक टॅपला एक गुणाकार प्रतिकृतीसाठी आणि एक गुणांक सुधारण्यासाठी. म्हणजे दर नमुन्याला ५१२ गुणाकार, आणि सेकंदाला सुमारे ४१ लाख. एका टेलिफोन लाइनसाठी!

१९८२ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे सुरेंदर मगर आणि त्यांचे सहकारी यांनी आयएसएससीसी परिषदेत एक चिप मांडली. तीच पुढे टीएमएस ३२०१० म्हणून बाजारात आली. १६ बिटांचा डेटा, ३२ बिटांचा ॲक्युम्युलेटर, स्वतंत्र गुणक आणि २०० नॅनोसेकंदांत एक आज्ञा. १२५ मायक्रोसेकंदांत ६२५ आज्ञा बसतात. ५१२ गुणाकारांपुढे ६२५ आज्ञा हा हिशोब वरवर जुळल्यासारखा वाटतो. पण चिपवरची डेटा मेमरी किती, तर १४४ शब्द. आपल्याला २५६ जुने नमुने आणि २५६ गुणांक ठेवायचे आहेत, म्हणजे ५१२ शब्द. गुणाकाराची ताकद अपुरी पडण्याआधीच जागा संपते. नंतरच्या टीएमएस ३२०२० मध्ये चिपवरची मेमरी ५४४ शब्दांची झाली, आणि १२८ टॅपचा प्रतिध्वनी-निवारक एकाच चिपवर बसवता आला.

हा हिशोब मी मुद्दाम सविस्तर सांगितला. गेल्या ४० वर्षांत आपल्या विषयात जे जे घडलं त्याचं बीज यात आहे. डीएसपी म्हणजे जलद गुणाकार करणारी चिप, अशी समजूत सर्वत्र आहे आणि ती अर्धीच खरी आहे. गुणक हा त्यातला सोपा भाग. त्या गुणकाला प्रत्येक चक्रात दोन आकडे वेळेवर पोचवायचे, उत्तर उचलायचं आणि पुढचा नमुना येण्याआधी हात मोकळे करायचे, हे अवघड. साध्या संगणकात आज्ञा आणि डेटा एकाच बसवरून येतात. एकच दार असलेल्या गोदामात माल आत नेणारे आणि बाहेर काढणारे समोरासमोर आले की जसा खोळंबा होतो, तसा तिथे होतो. म्हणून डीएसपीने हार्वर्ड रचना उचलली, आज्ञांची वाट वेगळी आणि डेटाची वेगळी. मोटोरोलाच्या ५६००० मालिकेने पुढे जाऊन डेटा मेमरीचेच एक्स आणि वाय असे दोन भाग केले. नमुने एकीकडे, गुणांक दुसरीकडे, आणि दोन्ही एकाच चक्रात हाताशी.

३२०१० मधली एलटीडी ही एकच आज्ञा जवळून पाहा. ती नवा नमुना टी रजिस्टरमध्ये भरते, आधीचा गुणाकार ॲक्युम्युलेटरमध्ये मिळवते आणि त्याच वेळी तो नमुना मेमरीत एक घर पुढे सरकवते. तीन कामं, एक चक्र. फिल्टरचं गणित आणि सिलिकॉनवरची वाट एकमेकांशेजारी ठेवून, एकाच माणसाच्या डोक्यातून उतरल्यासारखी ही आज्ञा आहे. पुढे नमुने सरकवण्याची गरजच उरली नाही. पत्ता शेवटाला पोचला की आपोआप आरंभाला वळवणारं सर्क्युलर ॲड्रेसिंग आलं. एफएफटीसाठी पत्त्याचे बिट उलटे वाचणारी सोय आली. लूप मोजण्यात एकही चक्र वाया न जाऊ देणारं हार्डवेअर आलं. यांतली एकही गोष्ट गुणाकार जलद करत नाही. आकडे योग्य जागी, योग्य क्षणी आणणं, एवढंच ती करते.

नंतरच्या अनेक डीएसपींमध्ये ॲक्युम्युलेटर ४० बिटांचा का असतो, हा प्रश्न मी मुलाखतीला आलेल्या नव्या अभियंत्यांना हमखास विचारतो. १६ बिटांचे दोन आकडे गुणले की ३२ बिटांचं उत्तर येतं. मग वरचे ८ बिट कशाला? पूर्ण क्षमतेचे २५६ गुणाकार एकात एक मिळवले तरी बेरीज ओसंडू नये म्हणून. आणि शेवटी उत्तर १६ बिटांत कापताना सॅच्युरेशन हवंच. ते नसेल तर ३२,७६७ मध्ये १ मिळवल्यावर उणे ३२,७६८ मिळतात. आवाजाच्या यंत्रात ते एक कर्कश टोक ठरेल. आम्ही मोटरचे ड्राइव्ह बनवतो. तिथे त्याचा अर्थ असा, की विद्युतप्रवाहाचा आदेश एका क्षणात पूर्ण उलटा होतो आणि शाफ्टला तो धक्का सोसावा लागतो.

चिपच्या बाहेरही हीच शिस्त लागते. १०० मेगाहर्ट्झचा संकेत मोजताना क्लॉकमध्ये फक्त १ पिकोसेकंद जिटर असला, तरी संकेत आणि गोंगाट यांचं गुणोत्तर ६४ डेसिबलच्या आसपास अडतं. मग भारीतला १४ बिटांचा एडीसी लावा, हाती साधारण १० बिटांचंच काम येतं. खरेदीच्या यादीत एडीसीवर सढळ हाताने खर्च करणारे आणि क्लॉकच्या ऑसिलेटरवर काटकसर करणारे प्रकल्प अनेक ठिकाणी दिसतात. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण उत्तम अल्गोरिदम लिहिणाऱ्याची मेहनत तिथे फुकट जाते. ग्राउंडची आखणी, डिकपलिंग कपॅसिटर पिनच्या किती जवळ आहे, वीजपुरवठ्यातली स्विचिंगची खरखर, हे विषय या परिषदेत मुख्य सत्रांत ठेवायचा आग्रह आमच्या समितीने याचसाठी धरला.

आता खोडद. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या द्रष्टेपणातून उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण इथून अगदी जवळ आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यांपैकी १४ मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या चौकात, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर पसरलेल्या. सर्वांत दूरच्या दोन अँटेनांत सुमारे २५ किलोमीटरचं अंतर. त्या ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीशी जोडल्या आहेत. सुरुवातीला दुर्बीण ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा हाताळायची, सुधारणेनंतर तो ४०० मेगाहर्ट्झचा झाला. नायक्विस्टच्या नियमाने त्याला सेकंदाला किमान ८० कोटी नमुने लागतात. प्रत्येक अँटेनाची दोन ध्रुवणं धरली तर ६० प्रवाह, म्हणजे सेकंदाला ४,८०० कोटी नमुने. आणि काम काय, तर प्रत्येक अँटेनाचा संकेत दुसऱ्या प्रत्येक अँटेनाच्या संकेताशी ताडून पाहायचा. ३० अँटेनांच्या जोड्या होतात ४३५.

या यंत्रणेत नमुने घेऊन ते पाकिटांत भरून पाठवण्याचं काम एफपीजीए करतात. एफएफटी आणि जोड्यांचे गुणाकार जीपीयूंवर होतात. पण रचनेतली खरी कस लावणारी गोष्ट या दोहोंच्या मधे आहे. डेटा येतो अँटेनानिहाय. जोड्या लावायच्या तर एकाच काळाचे तुकडे सर्व अँटेनांकडून एका जागी जमले पाहिजेत. एवढ्या प्रवाहाची मांडणी नेटवर्कवर, चालत्या वेळेत, एकही पाकीट न हरवता फिरवायची. अँटेना वेगवेगळ्या अंतरांवर आहेत आणि पृथ्वी फिरते आहे, म्हणून प्रत्येकीचा विलंबही सतत बदलत ठेवायचा. प्रतिध्वनी-निवारकात जो प्रश्न १४४ शब्दांचा होता, तोच इथे संगणकांच्या रांगांचा झाला आहे.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिप्सचा बोलबाला आहे. गूगलच्या पहिल्या टीपीयूमध्ये २५६ बाय २५६, म्हणजे ६५,५३६ गुणाकार-बेरीज एकके होती. त्या चिपच्या क्षेत्रफळात एककांच्या जाळीचा वाटा सुमारे २४ टक्के, तर आकडे साठवणाऱ्या मुख्य बफरचा २९ टक्के. डीएसपीवर हयात घालवलेल्या कुणालाही या आकड्यांचं आश्चर्य वाटणार नाही.

विद्यार्थ्यांना मला थेट सांगायचं आहे. अनेक महाविद्यालयांत हा विषय फिल्टरचे गुणांक काढण्यापाशी थांबतो. पडद्यावर सुंदर आलेख येतो आणि प्रयोगवहीवर सही होते. तो आलेख काढायला संगणकाला किती वेळ लागला, हे कुणी विचारत नाही. आमच्या कारखान्यात नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात एक काम देतात. इंटरप्ट रूटीन सुरू होताच एक पिन हाय करायची, संपताच लो करायची, आणि ऑसिलोस्कोपवर पाहायचं. दोन नमुन्यांमधल्या अंतराचा किती भाग तो पल्स व्यापतो? कडा स्थिर आहे की थरथरते? कॅश, डीएमए किंवा दुसरा इंटरप्ट मधे आला की तो किती लांबतो? सरासरी वेळ किती, याला इथे काही अर्थ नाही. सर्वांत वाईट प्रसंगीसुद्धा पल्स पुढच्या नमुन्याच्या आत संपला पाहिजे. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की आर्किटेक्चरचं पुस्तक वेगळं वाचलं जातं.

म्हणून या परिषदेत दोन्ही संध्याकाळी विद्यार्थ्यांसाठी प्रत्यक्ष बोर्डांवर काम ठेवलं आहे. टेबलावर बोर्ड, स्कोप आणि माइक असेल. प्रतिध्वनी-निवारक लिहायचा, मग टॅप वाढवत न्यायचे आणि तो कुठे कोलमडतो ते मोजायचं. आलेल्या ज्येष्ठ मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे, की शोधनिबंध वाचून झाल्यावर त्या टेबलांपाशी बसावं. तुमच्या हाताशेजारी तासभर बसून या मुलांना जे मिळेल ते कुठल्याही अभ्यासक्रमात नाही.

गाव लहान आहे. निवासाची सोय हॉटेलांबरोबर काही घरांतही केली आहे, आणि त्या घरांनी ती आनंदाने स्वीकारली, याबद्दल मी ग्रामस्थांचा ऋणी आहे. जेवण मंडपात आहे. खोडदला जाणाऱ्या गाड्या परवा सकाळी ७ वाजता इथूनच निघतील. दुर्बिणीच्या परिसरात मोबाइल पूर्ण बंद ठेवावेत, सायलेंटवर चालणार नाहीत. ज्यांनी नावं दिलेली नाहीत त्यांनी आज दुपारपर्यंत स्वागत कक्षात द्यावीत.

 परिषदाध्यक्षांनी आता सभेची सूत्रं हाती घ्यावीत, अशी विनंती करतो.