गिरणगावची दफ्तरं



 गावकरी मंडळं, भजनी मंडळं, व्यायामशाळा, वाचनालयं, गणेशोत्सव मंडळं, कामगार संघटना, गिरणगावातले सगळे आज या परिषदेसाठी एका सभागृहात आहेत. गिरणी कामगारांसाठी ज्यांनी खानावळी चालवल्या त्या मावश्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत, याचा मला विशेष आनंद आहे.

१८५६ साली मुंबईत ताडदेवची कापड गिरणी सुरू झाली. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांची संघटना उभी केली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. हे सारं पुस्तकांत आहे. पण सातारा-कोकणातून आलेला माणूस रोज कसा जगला, हे शोधायचं तर आपल्या पेट्याच उघडाव्या लागतील. गावकीच्या, म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या खोलीत दिवसपाळीवाला उठला की त्याच जागेवर रातपाळीवाला आडवा व्हायचा. त्या खोलीच्या वर्गणीच्या वह्या अनेक मंडळांकडे अजून आहेत. कुणी किती भरले, कुणाचे थकले, गावच्या देवळाला आणि शाळेला किती धाडले, सगळं त्यात आहे. चाळींचा पुनर्विकास होतोय. घर बदलताना पहिली रद्दीत जाते ती हीच वही.

मावश्यांकडे तर वहीसुद्धा नाही. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं, तेव्हा या बायकांच्या कष्टांना संघटनेचं बळ मिळालं. त्याआधीची वर्षं त्यांच्या आठवणींतच आहेत. म्हणून माझ्या मते त्या आठवणींच्या ध्वनिमुद्रणाचं काम सर्वांत आधी हाती घ्यायला हवं. कागद थोडा थांबेल, माणसं थांबणार नाहीत.

सगळ्यांचे कागद एकमेकांशी जोडायचे म्हटलं की येणारी एक शंका मला ठाऊक आहे: आमचे कागद दुसऱ्या संस्थेनं नेले तर? कुणीही काही न्यायचं नाही. मूळ कागद ज्याचे त्याच्याकडेच राहतील. यादी मात्र सर्वांची एक असावी आणि स्कॅन केलेली प्रत प्रत्येक वाचनालयात मिळावी. व्यायामशाळेच्या फोटोतला पोरगा युनियनच्या पावतीवर सापडेल, त्याचंच नाव गावकीच्या वहीत निघेल. एकट्या संस्थेला हे जुळवता येणार नाही.

दाराशी नोंदवही ठेवली आहे. आपल्या मंडळाकडे काय आहे, किती वर्षांचं आहे आणि कुणाच्या ताब्यात आहे, एवढं चहाच्या सुटीत त्यात लिहा. दुपारच्या सत्रात त्याच यादीवरून कामाची वाटणी करू.