बायका उठतात त्या कशासाठीं?
(महिला मेळाव्यांतील व्याख्यान)



मला विषय दिला आहे तो असा कीं, बायका चळवळींत पडतात त्या स्त्रीवादाच्या मतांमुळें पडतात काय? हा प्रश्न विचारणारे दोन तऱ्हेचे असतात. एकांस वाटतें, बाईनें आधीं पुस्तकें वाचावीं, मग मोर्च्यांत यावें. दुसऱ्यांस वाटतें, बाया घागरीसाठीं आल्या, घागर भरली कीं घरीं जातील. त्यांस मत कसलें? बाईच्या डोक्यांत स्वतःचा विचार नसतोच, असें दोघेही धरून चालतात.

नुसतें मत असून काय होतें तें पाहा. सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेस भ्रूणहत्येबद्दल शिक्षा झाली, तेव्हां पत्रांनीं सगळ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलें. त्यास बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून उत्तर दिलें. तितकें धारदार मत आजही विरळा. जोतीरावांनीं त्यांची बाजू उचलून धरली. परंतु त्या बाईंमागें बायकांची सभा उभी राहिली नाहीं. मत होतें; चार बायांनीं जमावें अशी जागा नव्हती.

आतां उलट बाजू. आंध्रांत नेल्लूर जिल्ह्यांत दुबगुंटा नांवाचें खेडें आहे. तेथें १९९१ च्या सुमारास साक्षरतेच्या रात्रवर्गांत बाया अक्षरें गिरवीत होत्या.  त्याच बायांनीं एक होऊन गांवची दारू अडवली! दुकान बंद झालें. ही गोष्ट पुढें साक्षरतेच्या वाचनपाठांत आली, मग गांवोगांव लोण पसरलें, १९९२ सालीं दारूचे लिलाव अडले, आणि १ ऑक्टोबर १९९३ पासून सबंध आंध्रांत ताडीखेरीजची ती गांवठी ‘अरक’ बंद झाली. १९९५ च्या जानेवारींत पुरी दारूबंदी आली. १९९७ त ती उठलीही. ह्या बाया स्त्रीवादाचें नांव घेऊन निघाल्या नव्हत्या. मजुरी दारूंत जात होती आणि वर मार मिळत होता, म्हणून निघाल्या. पण मला ह्यांत उणें दिसतें तें निराळें. दुकान बंद झालें, तरी घर कोणाच्या नांवाचें, जमीन कोणाची, मजुरी कोणाच्या हातीं पडावी, हे प्रश्न त्या कायद्यांत नव्हतेच.

म्हणून मी तुम्हांस नागपूरची आठवण देतें. २० जुलै १९४२ रोजीं तेथें दलित वर्गाच्या महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारों बाया आल्या, त्या स्त्रीवादाची दीक्षा घ्यावयास नव्हे. आपल्या समाजाच्या माणुसकीच्या लढ्यासाठीं, बाबासाहेबांच्या शब्दाखातर आल्या. आणि ठराव कोणते केले? बायकोला काडीमोड मागण्याचा हक्क हवा. एकीवर दुसरी करण्याची चाल कायद्यानें बंद व्हावी. गिरणींत, विडीच्या कारखान्यांत, म्युनिसिपालिटींत, रेल्वेंत राबणाऱ्या बायांस वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, इजा झाल्यास भरपाई, म्हातारपणीं पेन्शन. आणि गिरणींत बायांवर देखरेखीस बाईच असावी!

हा शेवटला ठराव कोणत्या पुस्तकांत होता? मुकादमाची नजर रोज अंगावर झेलणारीलाच तो सुचणार. सवत सोसलेलीलाच दुसरा. मत त्यांच्यापाशीं होतेंच, फक्त त्यास ठरावाचें रूप नव्हतें. समाजाच्या लढ्यानें त्यांस मंडपांत आणलें, आणि मंडपांत बायांस बायां भेटल्या, तेव्हां घरांतलें दुखणें सगळ्यांचें एकच निघालें. दुबगुंट्याच्या बाया दारापर्यंतचें मागून आल्या. नागपूरच्या बायांनीं दाराच्या आंतलेंही मागितलें.

गरजेनें आलेल्या बाईस कोणी हिणवूं नये. पण केवळ गरजेपुरतीच तिला ठेवावी, असें मनांत धरणारे पुढारी आपल्यांतही आहेत; ते मोर्च्याच्या पुढें बाया घालतात आणि बैठकीस पुरुषच बसतात. येत्या सोमवारीं पाण्याचा अर्ज घेऊन आपण पंचायतींत जाणारच आहोंत. त्याच वेळीं घराच्या उताऱ्यावर बायकोचें नांव लावण्याचे अर्जही न्यावेत, असें माझें म्हणणें आहे. अर्ज लिहून देण्यास दोन शिकलेल्या मुली दाराशीं बसल्या आहेत. नवऱ्याची सही लागेल. बंधुमंडळी आज येथें हजरच आहेत.