दुखणे एकीकडे, मूळ दुसरीकडे

श्रोतेहो, मी डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात इतिहास शिकवणारा माणूस. पण आजच्या दुखण्याची ओळख मला इतिहासाच्या पुस्तकातच झाली. २५ ऑक्टोबर १७६० च्या सकाळी इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज उठला, चॉकलेट प्याला, शौचाला गेला आणि तिथेच कोसळला. वय ७६. राजवैद्य फ्रँक निकोल्स यांनी देह उघडून पाहिला, तो हृदयाभोवतीची पिशवी रक्ताने भरलेली आणि महाधमनीला आतून चीर गेलेली!

महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारा रक्ताचा मोठा पाट. तिची भिंत गोधडीसारखी, पदरापदरांची. वाढलेल्या रक्तदाबाने बहुधा आतला पदर उसवतो, रक्त दोन पदरांमध्ये शिरते आणि उसवण पुढे सरकते. छातीत किंवा पाठीत एकदम फाडल्यासारखी कळ येते.

नेहमी असेच घडते तर डॉक्टरांची फसगत झाली नसती. तुम्ही शेतात दारे धरता, तुम्हांला हे चटकन कळेल. बिघाड पाटात असतो, पण वाळतो तो ज्याचे दार बुजले तो वाफा. मेंदूकडची वाट दबली की अर्धे अंग लुळे पडते. आपण म्हणतो, लकवा. पायाकडची दबली की पाय गार पडून बधिर होतो. आतड्याकडची दबली तर पोट दुखते आणि घरात ओव्याची पुरचुंडी शोधतात. कुणाला नुसती घेरी येते, कुणाचा आवाज बसतो. छातीत मुळीच दुखले नाही, असेही रोगी असतात.

आणि चूक महागात पडते. हृदयविकार समजून गुठळी विरघळवणारे औषध दिले, तर तेच जिवावर बेतते. म्हणून जाणता डॉक्टर दोन्ही हातांचा रक्तदाब पाहतो. फरक आढळला तर संशय बळावतो. नाही आढळला म्हणून तो फिटत मात्र नाही. खात्री होते ती बहुधा सी. टी. स्कॅनने.

ह्यूस्टनचे मायकेल डीबेकी यांनी १९५० नंतरच्या दशकात याच दुखण्यावरची शस्त्रक्रिया बसवली. ३१ डिसेंबर २००५ रोजी ते त्यांनाच झाले, वयाच्या ९७ व्या वर्षी. प्रथम त्यांनाही वाटले, हा हृदयविकारच! २००६ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि ते २००८ पर्यंत जगले.

तेव्हा गुरुजी, गावातून असा रोगी निघाला की थांबवू नका. गाडीत बसवता बसवता चिठ्ठीवर एवढे लिहून द्या. दुखणे किती वाजता, एकदम सुरू झाले का. कुठून कुठे सरकले. रक्तदाबाच्या गोळ्या केव्हापासून बंद आहेत. आणि घरात पूर्वी कोणी असे अचानक गेले होते का.